जँगोचा उजवा हात

जिप्सी जॅझ या संगीताचा गिटारवादक जँगो राइनहार्ट याचं नाव निघालं की गोष्ट त्याच्या डाव्या हातापाशी येऊन थांबते. 1928 साली पॅरिसजवळ त्याच्या चाकांवरच्या घराला आग लागली. बायकोने विकण्यासाठी केलेली सेल्युलॉइडची फुलं घरात होती, त्यांनी ती भडकली. 18 वर्षांच्या जँगोची अनामिका आणि करंगळी कायमची आखडली. पुढे उरलेल्या दोन बोटांनी त्याने ज्या ताना घेतल्या, त्या चार धडधाकट बोटं असलेल्यांनाही आजवर धाप लावतात. गोष्ट खरी आहे आणि थोर आहे. पण ती ऐकून सांगली-मिरजेत गिटार घेणारा माणूस थेट त्या तानांच्या मागे लागतो, बोटं अडखळतात आणि सहा महिन्यांत गिटार भिंतीवर जाते.

हे संगीत उजव्या हातापासून शिकायचं असतं, आणि तेही साथीपासून. या पोस्टमध्ये मुख्यतः त्या हाताबद्दलच लिहिलं आहे.

1934 मध्ये पॅरिसला 'क्विंटेट दु हॉट क्लब द फ्रांस' हे पंचक उभं राहिलं. त्यात जँगो, व्हायोलिनवर स्तेफान ग्रापेली, डबल बासवर लुई व्होला आणि साथीच्या गिटारींवर जँगोचा भाऊ जोझेफ आणि रॉजे शापू होते. ड्रम नव्हता. ड्रमचं सगळं काम दोन साथीच्या गिटारी करायच्या. त्या ठेक्याला फ्रेंचमध्ये 'ला पोंप' म्हणतात, म्हणजे पंप. आपल्याकडे तबलजी ठेका धरतो तसाच हा ठेका. तो पक्का असला की वर ताना घेणारा गडी काहीही करायला मोकळा, आणि तो डळमळला की वरचा कितीही तयारीचा असला तरी बैठक बसत नाही.

ठेका चार मात्रांचा आहे. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पिक, म्हणजे तार छेडायची चकती, जाड तारांवर पडते, आवाज थोडा भरीव येतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पिक सगळ्या तारांवरून झटक्यात जाते, आवाज तोकडा आणि कोरडा, जोर याच मात्रांवर. प्रत्येक आघातानंतर लगेच डाव्या हाताची बोटं सैल सोडायची. तारेवरून उचलायची नाहीत, फक्त दाब काढायचा, म्हणजे तार मुकी होते. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेच्या अगदी आधी पिक खालून वर एकदा निसटते. हा उलटा आघात इतका लहान असतो की तो वेगळा ऐकू येता कामा नये. मोजून लिहिलं तर तो 'त' असतो आणि मात्रा 'धुम': तधुम-चक, तधुम-चक. काही वादक हा 'त' घेतच नाहीत, आणि सुरुवातीला तुम्हीही घेऊ नका. पहिला महिना नुसतं धुम-चक, धुम-चक.

मनगट हलतं कसं, हे समजून घ्यायला हवं. हात धुतल्यावर टॉवेल सापडला नाही की आपण पाणी झटकतो, नेमकी तीच हालचाल. कोपरापासून हात खालीवर केला तर पाच मिनिटांत दंड भरून येतो आणि लय ओढली जाते. दंड दुखायला लागला म्हणजे पद्धत चुकली, तिथेच थांबायचं. दुखणं सोसून हात तयार होत नाही, उलट चुकीची हालचाल पक्की होते.

सरावासाठी मेट्रोनोम, म्हणजे एकसारखे टोले देणारं यंत्र, मिनिटाला 60 वर लावा आणि तो टोला दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा समजा. म्हणजे प्रत्यक्ष लय 120 ची होते. पहिली मात्रा तुम्हालाच शोधावी लागते आणि त्यातच निम्मं शिक्षण होतं. दहा मिनिटं न थांबता एकच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा एकच गट. मग मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड करा आणि ऐका. 'चक' पुढच्या 'धुम'मध्ये सांडत असेल तर डावा हात उशिरा सुटतोय. सगळ्या मात्रा सारख्याच ऐकू येत असतील तर पहिल्या-तिसऱ्याला पिक फार खाली, बारीक तारांपर्यंत जातेय. 'त' टोचत असेल तर तो दोनच तारांवर आणा. लय चढत असेल, आणि ती चढतेच, तर कारण बहुतेक वेळा एकच असतं: जोर दिला की माणूस घाई करतो. जोर कमी करून पाहा. 120 वर दहा मिनिटं स्थिर झाली की चार-चारने वाढवा. 180 पर्यंत पोचायला सहा महिने लागले तर ते योग्यच आहेत.

आता कॉर्ड. हे शिकायला सगळ्यात हाताशी असलेली रचना म्हणजे 'मायनर स्विंग'. जँगो आणि ग्रापेलीच्या नावावर असलेली ही रचना 25 नोव्हेंबर 1937 ला पॅरिसमध्ये ध्वनिमुद्रित झाली. मिरजेत राहिलेले आणि मिरजेच्याच दर्ग्याच्या आवारात विसावलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ त्याच्या महिनाभरच आधी, 27 ऑक्टोबरला गेले. दोघांचंही गाणं-वाजवणं आपल्यापर्यंत आलं ते मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरून, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. आणि दोन्हीकडच्या कित्येक पिढ्या सुई पुन्हा पुन्हा मागे ठेवूनच शिकल्या.

आवर्तन 16 बारांचं आहे, एक बार म्हणजे चार मात्रा. सोप्या रूपात असं: दोन बार ए मायनर, दोन डी मायनर, दोन ई सेव्हन, दोन ए मायनर. पुन्हा दोन डी मायनर, दोन ए मायनर, दोन ई सेव्हन, मग एक ए मायनर आणि शेवटचा ई सेव्हन, जो परत समेवर आणून सोडतो. पण मोकळ्या तारांच्या शाळकरी कॉर्ड इथे चालत नाहीत, कारण मोकळी तार नुसता दाब काढून मुकी करता येत नाही. म्हणून मायनरच्या जागी मायनर सिक्स, आणि सगळ्या तारा बोटांखाली.

ए मायनर सिक्स: सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार 5 व्या फ्रेटला, म्हणजे पडद्याला, मधल्या बोटाने, चौथी तार 4 थ्या फ्रेटला तर्जनीने, तिसरी आणि दुसरी 5 व्या फ्रेटला आडव्या अनामिकेने. पाचवी तार मधल्या बोटाच्या पोटाला नुसती टेकवून मुकी ठेवायची. पहिली तार अनामिकेच्या बुडाखाली आपोआप गप्प होते. हीच मूठ पाच फ्रेट वर सरकवली, मधलं बोट 10 व्या फ्रेटला नेलं, की डी मायनर सिक्स. ई सेव्हनला पाचवी तार 7 व्या फ्रेटला अनामिका, चौथी 6 व्या फ्रेटला मधलं बोट, तिसरी 7 व्या फ्रेटला करंगळी, दुसरी 5 व्या फ्रेटला तर्जनी. सहावी तार अनामिकेच्या टोकाने मुकी. इथे नेहमीची चूक एकच: पाचवी किंवा सहावी तार नीट मुकी होत नाही आणि प्रत्येक आघाताला खाली भोंगा वाजतो. एकेक तार वेगळी छेडून बघा. चार स्वच्छ आणि दोन मुक्या असं झालं तरच पुढे जा.

वरच्या वादनाकडे आपल्या भागातला माणूस सरगमच्या वाटेने आला तर त्याला हे फार लवकर उलगडतं. ए म्हणजे पांढरी सहा, तो सा धरा. ए मायनर सिक्सचे सूर होतात सा, कोमल ग, प आणि शुद्ध ध. त्यात रे घातला की शिवरंजनीचे पाचही सूर हजर. त्या संगीतात आपल्या कानाला जी ओळखीची हुरहुर लागते, तिचं एक कारण हे आहे. राग नव्हे तो, चलन पूर्ण वेगळं आहे, पण सुरांचा रंग तोच.

आणि फसगतही इथेच होते. आपला सा हलत नाही, त्यांचा खालचा कॉर्ड हलतो. शिवरंजनीत रमलेला माणूस 16 च्या 16 बार तेच सूर घेत राहतो आणि तिसऱ्या बारला डी मायनर आला की शुद्ध ध कानाला बोचतो. कारण डी मायनर सिक्सचे सूर आहेत म, कोमल ध, सा, रे. तिथे धैवत उतरवावाच लागतो. ई सेव्हनवर प, शुद्ध नी, रे, म. असे तीन गट पाठ करायचे आणि साथीच्या रेकॉर्डिंगवर आधी नुसते तोंडाने म्हणायचे. गिटार मांडीवर आडवी असू दे. गळ्यातून येत नाही ते बोटांतून आलं तरी ती नुसती कसरत असते.

सूर पाठ झाले की जँगोची एक साधी खोड उचला: प्रत्येक मुख्य सुराला अर्ध्या सुराने खालून स्पर्श करून यायचं. सा च्या आधी नी, कोमल ग च्या आधी रे, प च्या आधी तीव्र म, शुद्ध ध च्या आधी कोमल ध. मुख्य सूर मात्रेवर, स्पर्शाचा सूर मात्रेच्या आधी. उलटं झालं तर चुकल्यासारखं ऐकू येतं. ई सेव्हनवर अजून एक: नी, रे, म, कोमल ध हे चार सूर तीन-तीन फ्रेटच्या अंतराने येतात, म्हणून हातात बसलेला एकच आकार तीन फ्रेट वर सरकवला की तेच सूर पुढच्या क्रमाने मिळतात. दोन बोटांच्या माणसाला हे का सोयीचं वाटलं असेल ते गिटार हातात घेतल्यावर लगेच कळतं.

पिक धरण्याची रीत नेहमीच्या गिटारवादनापेक्षा वेगळी आहे. मनगट कमानीसारखं उचललेलं, तळहात किंवा करंगळी लाकडावर टेकलेली नाही. पिक तारेतून आरपार जाते आणि खालच्या तारेवर जाऊन विसावते. तार बदलली की पहिला आघात कायम खालीच, आधीचाही खाली झालेला असला तरी. वर-खाली-वर-खाली असा एकसारखा हात ज्यांचा आधी बसलाय त्यांना हे दोन-तीन महिने फार जड जातं. वेग निम्म्यावर येतो. येऊ द्या. मायक्रोफोनशिवाय शेवटच्या ओळीपर्यंत पोचणारा आवाज याच आघातातून निघतो.

पिक जाड हवी, निदान 3 मिलिमीटर. बाजारातली पातळ लवचीक पिक वाकते आणि आवाज विरतो. जाड पिक इथे सहज मिळाली नाही तर सरोदवाल्यांचा मार्ग धरा: त्यांचा जवा नारळाच्या करवंटीचा असतो. पक्क्या, वाळलेल्या नारळाची 3 ते 4 मिलिमीटर जाडीची करवंटी घ्या, तळाकडचा सपाट भाग निवडा, 3 सेंटिमीटरचा त्रिकोण बारीक करवतीने कापा. 80 नंबरच्या पॉलिश पेपरवर आकार, 220 वर कडा, 600 वर शेवटचा हात. टोक फार अणकुचीदार करू नका, आणि तारेला भिडणारी कड थोडी तिरकी घासा, नाहीतर प्रत्येक आघाताला खरखर येते. आतली पोकळ बाजू अंगठ्याखाली आली की पकड छान बसते.

या संगीताची खास गिटार म्हणजे सेल्मर. मारिओ माकाफेरी या इटालियन वादकाने आखलेली, 1932 पासून 1952 पर्यंत फ्रान्समध्ये बनलेली, एकूण हजाराच्याही आत. सुरुवातीच्या गिटारींना इंग्रजी डी अक्षरासारखं मोठं तोंड, नंतरच्यांना लहान लंबगोल. जँगोची 503 क्रमांकाची गिटार आज पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे. सेल्मरची पाठ आणि कडा भारतीय शिसवीच्या पातळ थरांच्या असायच्या. आपल्याकडच्या जंगलातलं लाकूड त्या आवाजात आहे, हे वाचून मिरजेच्या माणसाला बरं वाटायला हरकत नाही.

आज तशा घाटाच्या गिटारी जगभर बनतात. ती हातात आली तर तिची घोडी चिकटवलेली नसते, सतारीच्या घोडीसारखीच तारांच्या दाबाने उभी असते. म्हणून सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत, एकेक बदलायची. घोडी सरकलीच तर 12 व्या फ्रेटवरचा हार्मोनिक, म्हणजे बोट नुसतं टेकवून काढलेला सूर, आणि तिथेच दाबलेला सूर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी मागे, तारा जिथे अडकवतात त्या टेलपीसकडे सरकवा. उतरा असेल तर पुढे.

घोडीची उंची कमी-जास्त करायला मिरजेच्या सतारमेकर गल्लीसारखी जागा दुसरी नाही. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी 19 व्या शतकात तिथे तंतुवाद्यं करायला घेतली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो हात घोडी ओळखतो. फक्त एक गोष्ट आधी सांगायची: तानपुऱ्यासारखी जवारी करू नका. तानपुऱ्याची घोडी रुंद असते, तिच्या हलक्या उतारावर तार घासत राहते आणि त्यातून झंकार उठतो. गिटारच्या घोडीवरून तार एकाच धारदार रेषेवरून सुटायला हवी. माथा सपाट राहिला तर गिटार सतारीसारखी झणझणते आणि 'चक' कधीच कोरडा येत नाही. घोडीचे पाय गिटारच्या पोटाला बसवताना पोटावर 120 नंबरचा पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून ठेवायचा आणि घोडी त्यावरच हळूहळू घासायची, म्हणजे पायांना पोटाची नेमकी गोलाई येते. कुठेही फट दिसली की तेवढा आवाज गेला.

खास गिटार नसेल तर साध्या स्टीलच्या तारांच्या गिटारवर सुरुवात करा. नायलॉनची नको. 12 व्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची अडीच ते तीन मिलिमीटर ठेवा. त्याहून कमी असेल तर जोराच्या आघाताला तार फ्रेटवर आपटते. तारा 11 गेजच्या. सेल्मरवाले चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या वेटोळ्याच्या 10 किंवा 11 च्या वापरतात. पण सेल्मरची तार 670 मिलिमीटर लांब, साध्या गिटारची 650 च्या आसपास, त्यामुळे 10 ची तार आपल्या गिटारवर ढिली पडते. या तारा घामाने लवकर काळवंडतात, वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा वर येतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात उलट, तारा खाली येऊन खुळखुळ सुरू होते. जुलैत गिटार भिंतीवर टांगू नये, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी. ट्रस रॉड, म्हणजे गिटारच्या मानेतला दांडा, फिरवायचाच तर एका वेळी पाव फेरा, आणि मग एक दिवस थांबायचं.

अजून एका नावाबद्दल. जँगो 12 वर्षांचा असताना बॅंजो-गिटार वाजवायला लागला, पॅरिसच्या नाचघरांत अकॉर्डियनवाल्यांना साथ करत. आपल्या वरातींमधला बटणांचा बेंजो तो नव्हे. त्याचं वाद्य सहा तारांचं, गिटारसारखंच लावलेलं, फक्त पोट कातड्याचं. म्हणजे त्यानेही सुरुवात साथीनेच केली.

जँगोच्या रोमा समाजाला लावलेला 'जिप्सी' हा शब्द हे लोक इजिप्तहून आले या गैरसमजातून आला, आणि त्यांच्यातल्या अनेकांना तो टोचतो. फ्रान्समधले स्वतःला मानूश म्हणवतात, माणूसच. त्यांच्या भाषेत पाणी म्हणजे पानी, नाक म्हणजे नाख, कान म्हणजे कानच. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारतातून निघाले. त्यांनी वाटेत जे सोसलं त्याला सुमार नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी लाखांनी माणसं मारली. जँगो पॅरिसमध्ये कसाबसा वाचला आणि 16 मे 1953 ला, वयाच्या 43 व्या वर्षी गेला. तो नोटेशन वाचत नव्हता. त्याचं संगीत मुख्यतः कागदावरून पुढे गेलं नाही, घरातल्या मोठ्यांनी ते लहानांच्या हातात दिलं. पोराला आधी साथ शिकवायची, तास न् तास काकाच्या शेजारी ठेका धरून बसवायचं, ताना नंतर. बिरेली लाग्रेनची पहिली तबकडी आली तेव्हा तो 13-14 वर्षांचा होता. नेदरलँड्सच्या स्टोकेलो रोझेनबर्गच्या त्रिकुटात शेजारी ठेका धरणारा आणि बास वाजवणारा दोघं त्याचे चुलतभाऊच. आंजेलो दबार, चावोलो श्मिट, फापी लाफेर्तां, प्रत्येकाचं वाजवणं वेगळं ओळखू येतं, ठेका मात्र एकच. जँगो शेवटची वर्षं जिथे राहिला त्या सामुआ-सुर-सेन गावात त्याच्या नावाचा महोत्सव सुरू झाला. तिथे रंगमंचाइतकीच गर्दी आसपासच्या तंबूंत व्हायची. गोल करून बसायचं आणि ज्याला जे येतं ते वाजवायचं.

तसा गोल सांगलीत करायला दोन गिटारी पुरतात, तीन असतील तर उत्तम. डबल बास नाही म्हणून अडू नका. तिसऱ्याने जाड तारांवर पहिली आणि तिसरी मात्रा एकेका सुराने धरावी. व्हायोलिन वाजवणारा कुणी मिळाला तर त्याला आधी बोलवा. तबला मात्र लगेच नको. बायाँची आस दोन आघातांमधली जागा भरून टाकते, आणि या ठेक्याचं सगळं सौंदर्य त्या मोकळ्या जागेत आहे. बसताना नवा माणूस पक्क्या साथीदाराच्या उजव्या हाताला, त्याचं मनगट दिसेल असा. प्रत्येकाने दोन आवर्तनं वाजवायची आणि नजरेने पुढच्याला द्यायची. साथ करणाऱ्याने वरच्यापेक्षा मोठं वाजवायचं नाही. वरचा हळू झाला की साथही हळू, लय तीच. आणि साथीदाराची तार तुटली तर आवर्तन पुरं होईपर्यंत उरलेल्या पाच तारांवर ठेका चालू ठेवायचा, तार नंतर बदलायची.